वरचा दोर

ते पत्र बारा वर्षं एकाच पुस्तकात, एकाच पानात पडून होतं. शरीररचनेच्या जाड पुस्तकात, जिथे पाठीच्या कण्याचा आडवा छेद काढून दाखवला आहे, त्या पानात. निवृत्त झाल्यावरही बार्नाबा चिलुम्बा ते पुस्तक रोज उघडत. पण त्या पानाच्या जवळ आले की बोटं आपोआप चार पानं एकदम उलटायची. बोटांना तशी सवयच लागून गेली होती.

पत्राचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं.

तीन ऑगस्टचं पत्र. दवाखान्याच्या वहीतून फाडलेला कागद, निळी शाई, अक्षर उभं आणि घाईचं. न उघडताही त्यांना ते पाठ होतं.

'म्वालिमू, शिकामू. मी सोमोए नामकोवे. तुमच्या वर्गातली सगळ्यांत उंच मुलगी, जी कायम मेंदू व्हायची. आमच्या गावात महिन्याभरात अकरा जणांचे पाय ताठ झाले. बहुतेक पोरं आणि लेकुरवाळ्या बायका. रात्री धड झोपतात आणि सकाळी पाय लाकडासारखे. ताप नाही, दुखणं नाही. टाचणी टोचली तर ओरडतात, म्हणजे खालची बातमी वर पोचते. गुडघ्यावर हात मारला तर पाय उसळतो. डॉक्टर येऊन पोलिओ म्हणून गेले. पण पोलिओत पाय लुळा पडतो असं तुम्ही शिकवलंत. हे पाय लुळे नाहीत. मला वाटतं वरचा दोर गेला. बरोबर आहे का?

'दुसरं असं. यंदा पाणी नाही. बायका कडू कसाव्याचे कंद भिजत घालत नाहीत. सकाळी सोलतात, कुटतात, खडकावर पसरतात आणि संध्याकाळी त्याचंच पीठ करतात. ज्या घरांत अजून तीन रात्री भिजवतात, त्यांच्यात एकही पाय ताठ झालेला नाही. कसाव्यातलं विष वरच्या दोराला बाधतं का? गावात म्हणतात, कुणीतरी करणी करून पाय बांधले. म्हाताऱ्या नाचोमोचं नाव घेतात. तिची झोपडी जाळायची भाषा चालली आहे. माझं कोण ऐकणार? तुम्ही दोन ओळी लिहा.'

दोनच ओळी मागितल्या होत्या तिने.

मासासीच्या परिचारिका शाळेत बार्नाबांनी एकतीस वर्षं शिकवलं. सगळं गाव त्यांना म्वालिमू म्हणे, म्हणजे गुरुजी. पण ते स्वतःला मनातल्या मनात वाचून दाखवणारा माणूस म्हणत. कधी डॉक्टर नव्हते, रोग्याला कधी हात लावला नव्हता. जे होतं ते पुस्तकातलं. वर्गात उभं राहिलं की चाळीस पोरींचे डोळे अंगावर यायचे आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. पहिली दोन वर्षं त्यांनी पुस्तकात नाक खुपसूनच काढली.

मग एके दिवशी त्यांनी घायपाताचे दोर आणले. एक मुलगी मेंदू म्हणून टेबलावर चढवली. दुसरी पाठीचा कणा म्हणून मधे बसवली. तिसरी पाय. मेंदूपासून कण्यापर्यंत एक दोर, कण्यापासून पायापर्यंत दुसरा. पहिला वरचा, दुसरा खालचा. मेंदूने वरचा दोर हलवला की कण्याने खालचा हलवायचा, की पायाने पाऊल टाकायचं. तिसरा दोर बारीक, उलट दिशेचा. तळव्यापासून वर, काटा बोचला की बातमी पोचवणारा.

"आता खालचा दोर तोडा," ते म्हणायचे. पाय झालेली मुलगी मट्कन खाली बसायची. "हा लुळा पाय. आता खालचा जोडा आणि वरचा तोडा."

इथे पोरी चुकायच्या. म्हणायच्या, पुन्हा लुळाच की!

"नाही. गुडघ्यावर टिचकी मारली की ती बातमी मेंदूपर्यंत जायची वाट कुणी बघत नाही, निकाल कण्यातच लागतो आणि पाय उडतो. वरचा दोर नुसता हुकूम आणत नाही, तो लगामही आहे. लगाम तुटला की खालचं घोडं उधळतं. पाय ताठ होतो, टिचकीला भलताच उसळतो. पण काटा टोचला तर कळतं, कारण तो दोर वेगळा."

सगळ्यांचे डोळे दोरांवर असत, त्यांच्यावर नसत. तेवढ्या पंधरा मिनिटांत बार्नाबांचा आवाज थरथरत नसे. आणि टेबलावर कायम सोमोए, कारण तिची उंची. एकदा मेंदू असतानाच तिला शिंक आली आणि तिन्ही दोर एकदम हलले, तेव्हा अख्खा वर्ग हसून लोटपोट झाला होता.

पत्र आलं त्या रात्री त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. होय, वरचाच दोर. पण दुसऱ्याचं? कसाव्याच्या विषाबद्दल त्यांच्याकडच्या एकाही पुस्तकात काही नव्हतं. अर्धंच उत्तर कसं पाठवायचं? आणि डॉक्टर पोलिओ म्हणाले असताना, एका वाचून दाखवणाऱ्याने नाही म्हणायचं? त्यांनी मोठ्या शहरातल्या ग्रंथालयाला लिहिलं. तिकडून काही आलं नाही. चार मसुदे झाले, चारही चुलीत गेले. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. नंतर उत्तरापेक्षा उशिराचीच लाज मोठी झाली, आणि कागद पुस्तकात गेला.

बारा वर्षांनी, पुन्हा तसाच कोरडा ऑगस्ट. डोंगरांचे उघडे खडक सकाळपासूनच तापत होते. बार्नाबा ओट्यावर वाचत बसले होते. अंगणात बायको बिया निवडत होती.

"तुमाइनीचे बाबा," ती म्हणाली, "कुणीतरी येतंय बघा. तुमच्याचकडे दिसतंय, माझ्याकडे येणारी माणसं चटचट चालतात."

फाटकातून एक तरुण बाई आत येत होती. दोन्ही हातांत बांबूच्या काठ्या. टाचा जमिनीला लागत नव्हत्या. ती चवड्यांवर चालत होती, आणि प्रत्येक पावलाला एक गुडघा दुसऱ्यावर कात्रीसारखा चढत होता. पाठीला कापडात बांधलेल्या टोपल्या.

बार्नाबांच्या हातातलं पुस्तक मिटलं. असं चालणं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि तरी ते ओळखीचं होतं. छापलेल्या ओळीच फाटकातून चालत आल्या होत्या.

"शिकामू, म्वालिमू," तिने मान लववून नमस्कार केला.

"मराहबा, पोरी. बस, बस."

"बसते. उठवायला मात्र कुणीतरी लागेल." ती हसली आणि काठ्या टेकत स्टुलावर बसली. "मी एशा. पठारावरून आले. आमच्या दवाखान्यातल्या सोमोएताईने पाठवलंय."

बार्नाबांनी मिटलेलं पुस्तक मांडीवर घट्ट धरलं. बायकोने पाणी आणून दिलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघून ती गुपचूप बाजूला बसली.

"पत्र दिलंय का तिने?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मी म्हटलं, लिहून दे. ती म्हणाली, मी त्यांना एकदा लिहिलंय. दुसऱ्यांदा कशाला?"

हे एशा सहज बोलली. निरोप जसा होता तसा पोचवला, एवढंच. पण ते बार्नाबांना बरोबर जागी लागलं.

"यंदा पुन्हा तेच, म्वालिमू. पाणी खालच्या दरीतून आणायचं, तीन तास जायला, चार यायला. माणसांनाच पुरत नाही, तर कंद कुठून भिजवणार? बायकांनी पुन्हा त्याच दिवसाचं पीठ सुरू केलंय. पंधरवड्यात दोन पोरं ताठ झाली. शाळेजवळ पावसाच्या पाण्याची टाकी आहे, तिला कुलूप. सोमोएताई म्हणते, कुलूप काढा, कसावा भिजवायला पाणी द्या. पंच म्हणतात, मागच्या वेळी त्या म्वालिमूचं पत्र आलं होतं ना, ते दाखवा. कागद दाखवा, कुलूप काढतो."

"कुठलं पत्र?" बार्नाबा म्हणाले.

"तेच तर." एशाने आवाज खाली आणला. "त्या वर्षी सोमोएताई दर गुरुवारी बसची वाट बघायची. टपालाची थैली त्याच बसने येते. सहा गुरुवार गेले. सातव्या गुरुवारी नाचोमो आजीच्या झोपडीवर लोक मशाली घेऊन निघाले, तेव्हा ताई आंब्याखाली उभी राहिली, हातात कागद धरला आणि ओरडली, थांबा, मासासीच्या म्वालिमूंचं पत्र आलंय! आणि वाचलं की हो तिने, घडाघडा. कुणी पाय बांधलेले नाहीत. मेंदूपासून कमरेपर्यंत एक दोर असतो, त्याला न भिजवलेल्या कसाव्याचं विष बाधलंय. तीन रात्री भिजवा, मग वाळवा. सोबत डाळ, मासळी, मिळेल ते खा. म्हातारीला हात लावाल तर याद राखा."

"हे मी... असं मी लिहिलं?"

"फार छान लिहिलं होतंत." एशा हसली. "मला तेव्हा चालता येत नव्हतं, म्हणून आईने मला ताईच्या पायाशीच बसवलं होतं. उन्हात कागद आरपार दिसत होता. लसीच्या फ्रिजचा तक्ता होता तो. सकाळी किती थंड, संध्याकाळी किती थंड. शाळेत सातवीपर्यंत गेलेली मी, तेवढं वाचता येतं. पण बोलले नाही कुणाला. आज तुम्हालाच."

"मग लोकांनी ऐकलं?"

"ऐकलं म्हणजे! त्यानंतर एकाचेच पाय ताठ झाले, तेही चोरून न भिजवलेलं खाणाऱ्याचे. नाचोमो आजी नऊ वर्षं जगली. मरताना म्हणाली, त्या म्वालिमूला माझा सलाम सांगा. गावाला वाटतं, तुम्ही आंब्याच्या झाडाएवढे उंच असाल."

बायको पदराआड हसली. बार्नाबांना हसता आलं नाही. ते मनात तारखा मांडत होते. तीन ऑगस्ट. सहा गुरुवार.

"एशा," त्यांनी विचारलं, "तुझे पाय कधी गेले?"

"सातवीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी. रात्री अभ्यास करून झोपले. सकाळी उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच."

सातवीची परीक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीला असते, हे त्या देशात पोराटोरांनाही ठाऊक. म्हणजे पाचवा गुरुवार. पत्र पोचून महिना झाला होता. तिसरा मसुदा चुलीत गेला, तो साधारण तोच आठवडा.

त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं. मग बार्नाबा म्हणाले, "मला तुझा गुडघा बघायचाय. चालेल का? मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो."

"बघा की. बघितल्याने आणखी काय बिघडणार?"

त्यांच्याकडे हातोडी नव्हती. बायकोने न सांगता पिठाची उगाली घोटायचा लाकडी डाव आणून दिला. बार्नाबा एशासमोर जमिनीवर बसले. एकतीस वर्षं त्यांनी धडधाकट पोरींच्या गुडघ्यांवर टिचकी मारायला दुसऱ्या पोरींना सांगितलं होतं. स्वतः कधी मारली नव्हती. वाटीच्या खाली, जिथे शीर लागते तिथे, त्यांनी डावाची कड हलकेच मारली.

पाय असा उडाला की बायकोने निवडलेल्या बियांची परडी पार उलटली.

"अगं बाई!" बायको ओरडली.

"सवय आहे त्याला," एशा म्हणाली. "कुत्र्यांना हाकलायला बरा पडतो."

त्यांनी पाऊल तळव्याकडून झटकन वर दाबून धरलं. पाऊल त्यांच्या हातात थडथड उडू लागलं, शिवणयंत्राच्या पट्टीसारखं, थांबेचना. हेही पुस्तकात होतं. शेवटच्या परिच्छेदात, बारीक टायपात. त्यांनी काटा घेऊन अंगठ्याला टोचला.

"आई गं! आता हे कशाला?"

"कळलं ना?"

"कळणार नाही तर काय!"

बार्नाबा तसेच जमिनीवर बसून राहिले. वरचा दोर. दोन्ही बाजूंचा, सारखाच. बारा वर्षांपूर्वी एका सहायक परिचारिकेने नुसत्या हाताने तपासून हेच लिहिलं होतं, आणि त्याला होय म्हणायला काहीच लागत नव्हतं. त्यांना जे माहीत नव्हतं त्याच्या ओझ्याखाली त्यांनी जे माहीत होतं तेही पुरून टाकलं होतं.

"म्वालिमू," एशाने विचारलं, आणि आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती, "तो दोर पुन्हा जोडला जातो का?"

पुस्तक हाताशी होतं. त्यांनी ते उघडलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "तो पुन्हा नाही जोडला जात. पण इथून पुढे वाढणारही नाही. आज चालतेस तशी तू म्हातारपणी चालशील."

एशाने मान हलवली. तिला हे माहीत असावं. कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं, इतकंच.

"पोरी, मी वेळेत लिहिलं असतं तर..."

"तर काय?" ती चटकन म्हणाली. मग काठीच्या टोकाने तिने मातीत एक रेघ ओढली आणि पुसली. "तर परीक्षेला बसले असते. नापासही झाले असते, गणित कच्चंच होतं माझं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ताईने मला पाठवलं, कारण दुसरं कुणी आलं असतं तर तुम्ही पुन्हा विचार करत बसला असतात. लिहा आता."

ते आत गेले. त्या पानातून जुनं पत्र काढलं, टेबलावर उलगडून ठेवलं. घडीवर शाई फुटली होती. कागद घेतला आणि वर तारीख घातली.

बायकोचा हात धरून उठलेली एशा दारातून म्हणाली, "जुनी तारीख घाला, म्वालिमू. बारा वर्षांपूर्वीची. नाहीतर लोकांना कळेल की ताई खोटं बोलली होती."

पेन थांबलं. खोटी तारीख घातली तर सोमोएची अब्रू वाचत होती. त्याबरोबर त्यांची स्वतःची लाजही झाकली जात होती. म्हणूनच त्यांना ती घालवेना. आणि खरी तारीख घालून त्या बाईला गावासमोर उघडं पाडणं, ते तर त्याहून वाईट. नेहमीसारखे ते दोन्हीकडे बघत बसले. बाहेर बायको सांडलेल्या बिया एकेक वेचत होती. एशा उभी होती; उभं राहणं तिला सोपं नव्हतं, तरी ती बसली नाही.

त्यांनी आजचीच तारीख ठेवली आणि लिहिलं:

'सोमोए, मराहबा. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: होय, वरचाच दोर. आज मी स्वतः हात लावून पाहिलं. तू बरोबर होतीस. हा पोलिओ नाही आणि कुणी कुणाचे पाय बांधलेले नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचं: कसाव्याचं विष त्या दोरापर्यंत कसं पोचतं, ते मला माहीत नाही. पण न भिजवता खाल्लं त्या घरांत पाय गेले आणि भिजवलं त्या घरांत राहिले, हे तू पाहिलंस आणि गावानेही पाहिलं. एवढं पुरेसं आहे. टाकीचं कुलूप आजच काढावं. तीन रात्री भिजवावं, मग वाळवावं. गेलेला दोर परत येत नाही, म्हणून एक दिवसही थांबू नये.

'हे पत्र आंब्याखाली सगळ्यांसमोर वाच. बारा वर्षांपूर्वी तिथे माझ्या नावाने जे वाचलं गेलं, त्यातला शब्द न् शब्द माझा आहे. कुणी विचारलं तर मी तिथे येऊन तसं सांगेन. बार्नाबा चिलुम्बा.'

त्यांनी ते एशाला वाचायला दिलं. ती ओठ हलवत सावकाश वाचत गेली. शेवटाला आली तेव्हा पुन्हा एकदा वरून वाचलं.

"हे मीच घेऊन जाते. उद्याच्या बसने जातेच आहे."

"नको. तुझ्या हातून गेलं तर म्हणतील, बाजारात कुणाकडून तरी लिहून घेतलं. टपालाचा शिक्का हवा. त्याच बसच्या थैलीतून जाऊ दे. उद्या गुरुवारच आहे."

एशाने त्यांच्याकडे बघितलं. "एवढं सुचतं तुम्हाला," ती म्हणाली, "मग बारा वर्षं काय करत होतात?"

बार्नाबांनी पत्र तिच्याकडून घेतलं, पाकिटात घातलं आणि वर पत्ता लिहिला.

टपाल कचेरी बसथांब्याच्या पलीकडे. एशाच्या पावलाशी पाऊल जुळवत दोघं गेली. तिच्यामुळे उशीर होतोय असं तिला वाटू नये म्हणून बार्नाबा वाटेत दोनदा उगाच चप्पल नीट करायला थांबले. खिडकीत कारकुनाने पत्ता वाचला.

"पठारावर? उद्याच्या बसची थैली बांधलीय, म्वालिमू. आता पुढच्या गुरुवारी."

"उघडा," बार्नाबा म्हणाले.

आवाज थरथरला नाही. कारकुनाने चमकून वर पाहिलं. या माणसाला तो पंधरा वर्षं ओळखत होता आणि त्याने कधी तिकिटाची किंमतही दुसऱ्यांदा विचारलेली त्याला आठवत नव्हती. मग त्याने थैलीची गाठ सोडली.

तिकीट चिकटवताना बार्नाबांनी ते एकदा बोटाने दाबलं, मग आणखी एकदा. शिक्का पडला. पाकीट थैलीत गेलं आणि कारकुनाने घायपाताच्या दोराने तिचं तोंड पुन्हा घट्ट आवळलं.